उलटी पाठवणी

आमच्या घरात मध हे औषध होतं, खाऊ नव्हता. बाबा कारखान्यातून रात्रपाळी करून आले की त्यांना खोकल्याची उबळ यायची. मग आई अडुळशाची पानं वाफवून त्यांचा रस पिळायची, त्यात चमचाभर मध घालायची आणि बाटली परत फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून द्यायची. माझा हात त्या फळीपर्यंत पोचायला लागला तेव्हापासून बाटली लवकर संपायला लागली. घावणे केले की आईची पाठ वळायची वाट बघायची, दोन थेंब घावण्यावर, एक बोटावर, आणि बाटली होती तिथे. मोठी बहीण मंगलताई या कामात माझी भागीदार. आईला सगळं कळत होतं. एक दिवस बाटली उजेडात धरून ती म्हणाली, "ह्यांचो खोकलो बरो झालो, मगे मध आटता कसो?" आणि शिक्षा म्हणून मध आणायचं काम तिने माझ्या गळ्यात मारलं. त्या शिक्षेने माझं आयुष्य बदललं असं लिहायचा मोह होतो आहे, पण तसं काही झालं नाही. मी पुढे पोस्टात नोकरी केली, लग्न केलं, दोन मुलं वाढवली, आणि हे सगळं मध न आणताही झालंच असतं. पण त्या बाटलीमुळे मला एक परकं घर आपलं म्हणून मिळालं, आणि त्या घरातल्या माणसाला मी फसवलं. पन्नासएक वर्षं मी हे कोणाला सांगितलेलं नाही.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची बैठी घरं होती. मध मिळायचा तो गावठाणात लिओकाकांकडे, आणि त्यांच्या घरी जायला चालत पंधरा मिनिटं लागायची. लाल कौलांचं घर, पुढे रुंद ओटा, ओट्यासमोर चुन्याने रंगवलेला क्रूस आणि मागे वाडीत चिकूची तीन झाडं. लिओकाका सुतार. अर्ध्या मुलुंडची दारं त्यांच्या हातची आहेत, असं ते स्वतःच सांगायचे. बायको अ‍ॅग्नेस दोन वर्षांपूर्वी गेलेली, आणि घरात ते नि त्यांची मुलगी फिलोमिना. तिला सगळे फिलू म्हणत. ती माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठी, टायपिंग शिकत होती आणि ओट्यावर बसून गुडघ्यावर बोटं आपटत सराव करायची. मी बाटली पुढे केली तर लिओकाकांनी ती घेतली आणि बाजूला ठेवून दिली. म्हणाले, "आधी बस गो बाय. कोनाचं खातंस ते तरी बग." आणि त्यांनी मला चिकूखालच्या लाकडी पेटीपासून दोन हातांवर उकिडवं बसवलं.

पेटी म्हणजे साधी, दोन मजल्यांची, खाली बोटभर फट. त्या फटीतून सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात त्या गावठी मधमाश्या, येत-जात होत्या. मी आधी जीव मुठीत धरून बसले, मग हळूहळू मूठ सैल झाली. मला पहिल्यांदा कळला तो आवाज. लांबून सगळ्या माश्या एकच सूर काढतात असं वाटतं, जवळ बसलं की त्यात थर लागतात. बाहेरून परत येणारीचा जड, दारात पंख हलवून आत वारा घालणाऱ्यांचा बारीक, आणि त्याच्याखाली पेटीच्या पोटातून येणारा, कानापेक्षा छातीला कळणारा. वास मेणाचा, ओल्या लाकडाचा आणि किंचित आंबूस. एकेक माशी पायाला पिवळी गोळी चिकटवून यायची. "परागकन," लिओकाका म्हणाले, "पोरांचं जेवन हाय ते." तासभर गेला असेल. बाटली भरून घेऊन घरी पोचले तेव्हा आईने विचारलं की मध आणायला गेली होतीस की मध करायला.

त्या दिवसापासून मी जायलाच लागले. रविवारी मिस्सा आटोपला की लिओकाकांच्या ओट्यावर आठ-दहा माणसं जमायची. त्याला सगळे नुसतं मंडळ म्हणायचे. ना पाटी, ना पावती. त्यात म्युनिसिपल शाळेतले नाडकर्णी मास्तर होते, एका बंगल्यावरचे माळी होते, आणि बाकी गावठाणातल्याच बायका. फिलू बशीत फुगे आणून ठेवायची, तांदळाचं नि नारळाच्या दुधाचं पीठ आंबवून तळलेले, आणि त्यावर मध घालायला कोणी अडवायचं नाही, हे माझ्या दृष्टीने फार मोठं होतं. मंडळाचे नियम मला तोंडपाठ झाले. पेटीकडे जाताना केसांना वासाचं तेल नाही, गजरा नाही, पावडर नाही, केळं खाऊन जायचं नाही, आपली सावली पेटीच्या दारावर पडेल असं उभं राहायचं नाही. मी रविवारी सकाळी केस धुऊन, वेणीतलं फूल काढून ठेवून, साध्या फ्रॉकात बाहेर पडायला लागले तेव्हा आईला वेगळाच संशय आला. त्या वयाच्या मुली नटून बाहेर पडतात, ही उतरवून कुठे जाते, म्हणून तिने एकदा मंगलताईला माझ्या मागे धाडलं. ताई परत येऊन म्हणाली, "अगं, माश्या बघत बसते ती. दुसरं कोण बघणार तिला?"

मंडळाचा एक रिवाज मात्र मला आधी कळला नव्हता. आमच्यात माश्या विकत नसत. ज्याची पेटी भरून वाहायला लागेल त्याने ती फोडायची, म्हणजे निम्म्या चौकटी, निम्म्या माश्या आणि नव्या राणीची कोठी काढून दुसऱ्या पेटीत घालायची, आणि ती पेटी नव्या माणसाला स्वतः उचलून नेऊन द्यायची. त्याला पाठवणी म्हणायचे. जिथून पेटी आली ते तिचं माहेर. पहिला मध माहेरी. आणि माहेरच्या माश्या कधी मेल्या, उठून गेल्या, तर लेकीच्या पेटीने तिथे परत घर मांडून द्यायचं. ती उलटी पाठवणी. एक माशी दीड-दोन महिन्यांच्या वर जगत नाही, राणीही दोन-तीन वर्षांतच थकते. पण राणीच्या पोटी राणी होत राहते आणि घर तेच राहतं. लिओकाकांच्या माश्या अशा अ‍ॅग्नेसच्या होत्या. त्यांचं लग्न नवं असताना विहिरीच्या रहाटाला माश्यांचा घोळका येऊन लटकला होता. सगळे पळाले आणि अ‍ॅग्नेसने आपल्या लुगड्याच्या पदरात तो घोळका अलगद उतरवून घेतला. नवऱ्याला म्हणाली, तू सुतार आहेस ना, मग यांना घर कर. हे लिओकाका प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे, आणि फिलू प्रत्येक वेळी आत निघून जायची.

एका माघात त्यांनी माझ्याकडे पाठवणी केली. फडक्यात बांधलेली पेटी खांद्यावर घेऊन ते दुखऱ्या गुडघ्याने आमच्या घरापर्यंत चालत आले. आई दारात उभी. तिने त्यांना पाणी दिलं आणि मालवणीत मला बजावलं की एका जरी शेजाऱ्याला चावली तरी ती आधी मला घराबाहेर काढेल, मग पेटीला. लिओकाकांची नजर कुंपणावरच्या वेलाकडे गेली. आई दरवर्षी लाल भोपळा लावायची, फुलं ढीगभर यायची आणि फळ अंगठ्याएवढं झालं की पिवळं पडून गळायचं. आई म्हणायची, जमीनच खोटी. लिओकाका म्हणाले, "जमीन चांगली हाय गो बाय. फुल हाय, भोपला नाय, म्हनजे मधी कोनतरी यायला पायजे. ते आता येल." त्या वर्षी आमच्या वेलाला अकरा भोपळे धरले. आईने भोपळ्याची भाजी, भरीत, घारगे असं सगळं करून पाहिलं, मग शेजारी वाटले, मग शेजारी आम्हाला बघून दार लावून घ्यायला लागले. त्यानंतर आई पेटीला वाईट बोलली नाही. बाबा तर रात्रपाळीहून आले की चहाचा कप घेऊन पेटीसमोर जाऊन बसायचे. माझ्याशी ते फार बोलत नसत, पण तिथे शेजारी बसलं की चालायचं.

आता मी दिंडोशीला धाकट्या मुलाकडे अकराव्या मजल्यावर राहते. मध्यंतरी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीखाली आग्या माश्यांनी पोळं धरलं तर सोसायटीने औषध मारणारे बोलावले. मी सेक्रेटरीकडे गेले आणि सांगितलं की त्या फुलोरा संपला की आपण होऊन जातात, महिना कळ काढा. तो म्हणाला, आजी, तुम्ही टेन्शन घेऊ नका. संध्याकाळी पार्किंगमध्ये झाडूने गोळा केलेला ढीग होता. नातीने मग मला उपनगरातल्या मधपाळांच्या एका गटात नेलं. सगळी तरुण मुलं, पांढरे पोशाख, तोंडावर जाळी, मोबाइलवर माहिती. छान करतात. त्यातल्या एकीने मला विचारलं की पेटी गॅलरीतून टेरेसवर न्यायची आहे, चालेल ना. मी इतक्या जोरात नाही म्हटलं की सगळे वळून बघायला लागले.

पाठवणीनंतरच्या पावसात लिओकाकांच्या पेटीला रोग लागला. अळ्या कोठीतच पाणी होऊन मरायच्या. नाडकर्णी मास्तरांनी पुस्तकं चाळली, काकांनी चौकटी बदलल्या, साखरेचं पाणी ठेवलं. श्रावण संपेपर्यंत पेटीत मूठभर माश्या राहिल्या आणि एका सकाळी त्याही नव्हत्या. त्यांनी पेटी उन्हात घासून ठेवली आणि मला एवढंच विचारलं, "तुझ्या बऱ्या हायत ना?" माझ्या बऱ्या होत्या. अ‍ॅग्नेसच्या माश्यांचं तेवढंच एक घर आता उरलं होतं, आमच्या अंगणात, तिवईवर; मंडळातल्या बाकीच्यांच्या माश्या दुसऱ्या माहेरच्या होत्या. फाल्गुन लागता लागता माझी पेटी भरून वाहायला लागली आणि पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारख्या लोंबत्या राणीच्या कोठ्या दिसल्या. मी धावत जाऊन सांगितलं. लिओकाका उठून उभे राहिले, परत बसले. मंडळाने रविवार ठरवला. त्या रविवारी मी पेटी फोडून त्यांची उलटी पाठवणी करायची होती, आणि नेमकं त्याच आठवड्यात, गुरुवारी, मंगलताईचं लग्न होतं.

मांडव अंगणात घालायचा हे ठरलेलं होतं. पण मांडववाल्याने येऊन खुणा केल्या तेव्हा कोपऱ्यातला खांब बरोबर माझ्या तिवईच्या जागी आला. आई म्हणाली, "ती पेटी मागल्या दारी ने. व्याही येतले, त्यांका माशी चावली तर मी तोंड खंय दाखवतलंय?" मंगळवारची दुपार होती. आता मंडळातला सगळ्यात पक्का नियम हा की पेटी हलवायची तर दिवसाला एक वीत, नाहीतर थेट ठाण्यापलीकडे. कारण माशीला पेटी पाठ नसते, जागा पाठ असते. लांब नेली तर तिला सगळंच अनोळखी, मग ती जागा नव्याने बघून घेते. पण जवळच्या जवळ नेली तर ओळखीच्या वाटेने ती जुन्याच जागी परत येते आणि तिथे घर नसतं. हे मला माहीत होतं. मागलं दार बावीस पावलांवर होतं, म्हणजे रोज वीतभर करून दोन महिने लागले असते. पेटी लिओकाकांकडे न्यावी तर गावठाण माश्यांच्या उडण्याच्या टप्प्यातच. त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, मांडव सरकवा, आणि ते आईला मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? शिवाय, खरं सांगायचं तर, मला विचारायचं नव्हतं. सबंध मंडळात सगळ्यात लहान मी, आणि रविवारी माझ्या हातून पाठवणी. मला वाटत होतं की आता मला कळतं. दाराच्या फटीत गवत कोंबलं आणि पुढे पानांची फांदी आडवी लावली की माशी अडखळते, थांबते, जागा नव्याने बघते, असं एकदा माळीकाका बोलले होते. मी तिन्हीसांजेला सगळ्या माश्या आत गेल्यावर गवत कोंबलं, बाबांनी नि मी पेटी उचलली, मागच्या धुण्याच्या दगडाशेजारी ठेवली आणि पुढे आंब्याची डहाळी टेकवली. बाबांनी विचारलं, "चालतं ना असं, शैला?" मी म्हटलं, "हो."

बुधवारी सकाळी हळद. व्याह्यांकडून उष्टी हळद घेऊन बायका आल्या, जात्याजवळ गाणी सुरू झाली, तव्यावर घावणे पडत होते. मी ताट घेऊन उभी होते. मांडवाच्या कोपऱ्यातल्या खांबावर पहिल्यांदा दहा-बारा माश्या दिसल्या, तिवईच्या उंचीवर, हवेत त्याच जागी घिरट्या घालणाऱ्या. मला लगेच कळलं. मी मागे जाऊन बघितलं, गवत कुरतडून त्या बाहेर पडत होत्या, डहाळीशी क्षणभर रेंगाळायच्या आणि थेट घरावरून पुढच्या अंगणात. परत आले तेव्हा खांबावर मुठीएवढा घोळका झाला होता. मग नारळाएवढा. पायाला पराग, पोटात मध, आणि उतरायला दार नाही, म्हणून एकमेकींना धरून बसल्या होत्या. त्या कोणाला काही करत नव्हत्या. पण व्याह्यांकडची एक बाई किंचाळून उठली, मुलं रडायला लागली, आणि मंगलताई हळदीच्या अंगाने पाटावरून अर्धवट उठून माझ्याकडे बघायला लागली.

माझा मामा लग्नासाठी गावाहून आला होता. जीव लावणारा माणूस. त्याला एवढंच दिसलं की भाचीच्या हळदीत माश्या आल्या आहेत, आणि गावी माश्या आल्या की काय करतात ते त्याला माहीत होतं. त्याने चुलीजवळच्या झावळ्यांची चूड बांधली, पेटवली आणि पुढे आला. मला अजून ते अंतर आठवतं. त्याच्या नि माझ्यामध्ये चार पावलं होती. मला फक्त म्हणायचं होतं, मामा, थांब, त्या माझ्या आहेत. मी भिजलेला पंचा टाकून, सूप धरून तो घोळका उतरवून मागे नेऊ शकले असते, मला ते येत होतं. पण मग व्याह्यांना कळलं असतं की या घरात माश्या पाळतात, ही धांदल नवरीच्या बहिणीमुळे झाली, आणि आई माझ्याकडेच बघत होती. मी ताट धरून उभी राहिले. अर्ध्या मिनिटात झालं. मामाने पायाने माती सारली आणि कोणीतरी गाणं परत सुरू केलं. बाबा रात्रपाळीचे तसेच, आंघोळीवाचून दारात उभे होते. ते आत निघून गेले.

लग्न झकास झालं, सगळे म्हणाले. शनिवारी मी पेटी उघडली. बाहेर जाणाऱ्या माश्याच उरल्या नव्हत्या, घरातल्या कोवळ्या होत्या त्यांना अन्न आणता येत नव्हतं, आणि पोळ्यावर मुंग्यांची रांग लागली होती. संध्याकाळी परत बघितलं तर पेटी रिकामी. राणी नाही, कोठ्या कुरतडलेल्या. त्या मेल्या की उठून गेल्या, मला आजही माहीत नाही. आजूबाजूची सगळी कुंपणं, सगळे वासे मी बघून आले.

रविवारी मी हात हलवत गावठाणात गेले. ओट्यावर सगळं मंडळ जमलं होतं. मधोमध फणसाच्या लाकडाची कोरी पेटी, तिला आतून मेण चोळलेलं, आणि शेजारी लाल चौकड्याच्या लुगड्याचा एक तुकडा घडी करून ठेवलेला. पाठवणीचं फडकं देणाऱ्याने आणायचं असतं, पण लिओकाकांनी ते अ‍ॅग्नेसच्या लुगड्यातून आधीच कापून ठेवलं होतं. ते माझ्यामागे रस्त्याकडे बघत होते, पेटी कोणीतरी मागून आणत असेल म्हणून. मी वाटेत खरं सांगायची तयारी केली होती. शब्द जुळवले होते. आणि तोंड उघडलं तर दुसरंच आलं.

"उठून गेल्या काका. काल. मी बघितलं, डोंगराकडे गेल्या."

लिओकाकांनी विचारलं, "रानी व्हती?"

"होती. मी मागे मागे गेले. वर जुना ऐन आहे ना, त्याच्या ढोलीत शिरल्या."

"सगल्या?"

"सगळ्या."

त्यांनी लुगड्याचा तुकडा उचलला, परत ठेवला. मग म्हणाले, "रानात गेल्या. बरं केलं त्यांनी. हितं आता ऱ्हायलंय काय." आणि फिलूला फुगे आणायला सांगितलं. मी ते खाल्ले.

मला वाटलं होतं, खोटं एकदाच सांगावं लागतं. पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं, "वर जाऊन आलीस काय? कशा हायत?" त्यांचा गुडघा त्यांना चढू देत नव्हता, म्हणून माझ्याकडूनच कळणार. मी म्हटलं, बऱ्या आहेत. मग विचारलं, दार कोनत्या अंगाला? म्हटलं, पूर्वेला. चांगलं, म्हणाले, पाऊस लागनार नाय. असं दर रविवारी. रानात कुंभ्याचं झाड फुललं तेव्हा मी माश्यांना त्यावर पाहिलं, पावसाआधी दार मेणाने बारीक केलेलं पाहिलं. काहीही सांगायचे. आणि मी खरोखर वर जायचे. लाकडं वेचणाऱ्या बायकांच्या वाटेने चढून प्रत्येक ढोलीत डोकवायचे, कुठल्या तरी सातेरी माश्या दिसतील आणि माझं बोलणं निदान निम्मं खरं होईल म्हणून. जुना ऐन होता, पूर्वेला ढोलही होती. ती रिकामी होती.

याहून वाईट पुढे झालं. दिवाळीनंतर नाडकर्णी मास्तरांनी आपली पेटी फोडायची ठरवली आणि लिओकाकांना म्हणाले, या तुम्ही घ्या. काका हसले. "मना कशाला? माज्या वर हायत ना. पोरगी बगून येते." ती कोरी पेटी तशीच ओट्यावर राहिली, तिच्यावर फिलू टायपिंगची पुस्तकं ठेवायला लागली. माझ्या एका खोट्यापायी त्या माणसाने स्वतःच्या दारात आलेल्या माश्या परत पाठवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा रिकाम्या तिवईशेजारी चहा पीत बसले होते, मी जाऊन बसले. चहा संपवून ते म्हणाले, "सांगून टाक ना त्यांना."

"कसं सांगू? ते रोज वाट बघतात."

"म्हणूनच सांगतोय," बाबा म्हणाले, आणि कप विसळायला उठले.

दर रविवारी मी ठरवून निघायचे आणि दर रविवारी लिओकाका मी ओटा चढायच्या आधीच विचारायचे, "कशा हायत?" त्यांचा चेहरा त्या वेळी इतका मोकळा असायचा की माझ्याने होत नसे. खरं सांगते, मला तो चेहरा हवासाही वाटायला लागला होता. माझ्या घरी मी आले म्हणून कोणाचा चेहरा असा होत नव्हता. दुसऱ्या वर्षीच्या पावसात ते तापाने आठ दिवस अंथरुणाला खिळले आणि गेले. शेवटच्या रविवारीही त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं होतं, बऱ्या आहेत, फक्त पावसात बाहेर पडत नाहीत.

काका गेल्याला महिना झाला, त्यांच्या नावाचा चर्चमधला मिस्सा झाला आणि फिलू आमच्या दारात आली. काळा झगा, हातात छत्री. म्हणाली, "पप्पा सांगून गेले, आईच्या माश्या शैलाला माहीत आहेत, एकदा जाऊन बघून ये. मला दाखवशील?" चिखलातून आम्ही वर चढलो. ती दोनदा घसरली, मी हात धरला. मी वाटेत बोलायला सुरुवात केली, "फिलू, ऐक ना," पण ती दम लागल्याने हाताने थांब म्हणाली. ऐनापाशी आलो. मगरीच्या पाठीसारखं खडबडीत, ओलं खोड, आणि ढोल पुरुषभर उंचीवर, अंधारी. आत-बाहेर काही हलत नव्हतं. पाऊस भुरभुरत होता.

फिलूने छत्री माझ्याकडे दिली. पायाखालच्या दगडावर चढली, दोन्ही हातांनी खोड धरलं आणि कान लावून डोळे मिटले. मी तिच्या मागे उभी होते आणि आता ही वळेल, आता हिला कळेल, आता मला सगळं सांगावं लागेल, असं मनात म्हणत होते. मला सुटल्यासारखंही वाटत होतं. ती बराच वेळ तशीच राहिली. मग तिने डोळे उघडले.

"आहेत गं," ती म्हणाली. "आत आहेत."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिला खरंच काही ऐकू आलं होतं, की माझ्या चेहऱ्यावरून तिला सगळं समजलं आणि मी तिच्या बापाला दीड वर्ष जे देत आले तेच तिने मला दिलं, मला कळेना. ती दगडावरून उतरली आणि मला जागा करून दिली. "तू ऐकतेस?"

"नको," मी म्हटलं.

तिने का म्हणून विचारलं नाही. छत्री घेतली, माझा हात धरला आणि आम्ही दोघी खाली उतरलो. त्यानंतर आमची मैत्री जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. एकमेकींच्या लग्नांत, बाळंतपणांत, आजारपणांत आम्ही होतो, आणि ऐनाचा विषय दोघींनी कधी काढला नाही. गेल्या वर्षी फिलूही गेली. आता मला विचारावंसं वाटतं, खरंच ऐकू आलं होतं का गं, आणि विचारायला कोणी नाही.